एका अणूएवढी जाडी: 'द्विमितीय' पदार्थ हे नेमकं काय प्रकरण आहे?

एप्रिल २०२५ मध्ये एक बातमी येऊन गेली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या तीस शास्त्रज्ञांनी केंद्र सरकारला प्रस्ताव दिला होता: सिलिकॉनऐवजी 'द्विमितीय पदार्थ' वापरून अँगस्ट्रॉम मापाच्या चिप बनवू, त्यासाठी पाच वर्षांत ५०० कोटी रुपये द्या. अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा. एका नॅनोमीटरात सिलिकॉनचे जेमतेम चार-पाच अणू शेजारीशेजारी मावतात.

लक्ष साहजिकच ५०० कोटींकडे जातं. घोडं अडतं ते 'द्विमितीय'पाशी. शाळेत आपण घोकलेलं असतं की प्रतलाला लांबी असते, रुंदी असते, जाडी नसते; पण ते प्रतल फळ्यावरचं. ज्याला जाडीच नाही अशा वस्तूची चिप कशी करणार?

मितीचा संबंध जाडीशी कमी, मोकळीकीशी जास्त

पट्टी बाजूला ठेवा आणि संध्याकाळी साडेसहाचं दादर स्टेशन डोळ्यांपुढे आणा. पूल, जिने, फलाट सगळं मोकळं असेल तर माणूस पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली कसाही जाऊ शकतो. या झाल्या तीन मिती. पूल बंद केला, जिने बंद केले, तर उरला फक्त फलाट. वर-खाली जाणं संपलं, पण समोर कोणी उभा राहिला तर त्याला वळसा घालून जाता येतं. या दोन मिती. आता सगळ्यांना एकच माणूस मावेल अशा चिंचोळ्या जिन्यातून सोडा. पुढचा थांबला की अख्खी रांग थांबते, कोणी कोणाला ओलांडू शकत नाही. ही एक मिती. आणि लिफ्टचं दार लागून ती मध्येच अडकली, तर आतला माणूस कुठेच जात नाही. ही शून्य मिती.

माणसांच्या जागी इलेक्ट्रॉन ठेवले की शास्त्रज्ञांच्या मनातला अर्थ मिळतो. पदार्थाची मिती म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनला किती दिशांना मोकळेपणी फिरता येतं, ती संख्या. स्टेशन तेच, माणसं तीच. वाटा बंद केल्या की गर्दीचं वागणं बदलतं. गंमत अशी की पदार्थाचंही तसंच होतं. कार्बन कार्बनच राहतो, पण त्याचा रंग, त्यातून वीज वाहायची पद्धत, कधीकधी तो धातूसारखा वागतो की नाही, हे सगळं फिरतं.

वाट बंद व्हायला पदार्थ किती आखडावा लागतो? इलेक्ट्रॉन फक्त कणासारखा नाही, लाटेसारखाही वागतो. पदार्थाची जाडी त्या लाटेच्या लांबीइतकी, म्हणजे बहुधा काही नॅनोमीटर झाली, की त्या दिशेने हालचालच शिल्लक राहत नाही. म्हणून ॲल्युमिनियमची फॉइल कितीही पातळ वाटली तरी ती त्रिमितीयच. इलेक्ट्रॉनच्या हिशोबाने ती भलतीच जाड आहे.

शून्य मिती: रंग ठरतो आकारावरून

यातला सगळ्यात डोळ्यांना दिसणारा परिणाम म्हणजे क्वांटम डॉट. अर्धवाहकाचे, म्हणजे सिलिकॉनच्या जातीच्या पदार्थाचे, दोन ते दहा नॅनोमीटरचे स्फटिक. अलेक्सेई येकिमोव्ह यांना १९८० च्या सुमारास सोव्हिएत संघात रंगीत काचेचा अभ्यास करताना ते सापडले. काही वर्षांनी लुई ब्रूस यांना अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये द्रावणात तरंगणाऱ्या कणांत तोच परिणाम दिसला. पण हवा त्या मापाचे, एकसारखे कण बनवायची खात्रीची रीत १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत मोंजी बावेंडी यांच्या गटाने बसवली. तिघांना मिळून २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही रीत बघण्यासारखी आहे. चंबूत द्रावक ३०० अंशांच्या आसपास तापवायचा आणि त्यात सिरिंजने रसायनं एका दमात सोडायची. असंख्य बारीक स्फटिक एकाच वेळी जन्माला येतात आणि मग सावकाश वाढू लागतात. थोड्या थोड्या वेळाने नमुना काढून काचेच्या कुप्यांत भरत गेलात आणि त्या अतिनील दिव्याखाली ओळीने मांडल्यात, तर निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशी रांग दिसते. सगळ्या कुप्यांत रसायन एकच, कॅडमियम सेलेनाइड. साधारण दोन नॅनोमीटरचा कण निळा चमकतो, सहाच्या आसपासचा लाल.

कारण वर म्हटलेली लाट. कोंडलेल्या जागेत ती दोन्ही कडांना शून्य व्हावी लागते, म्हणून ठरावीक लांब्यांतच बसते. जागा आखडली की लाट आखूड होते, आणि लाट आखूड म्हणजे ऊर्जा जास्त. जास्त ऊर्जेचा प्रकाश निळा, कमी ऊर्जेचा लाल. शोरूममध्ये 'क्यूएलईडी' म्हणून जे टीव्ही विकतात त्यांत मागचा दिवा निळा असतो, आणि त्यातला काही प्रकाश हे कण हिरव्या-लाल रंगात बदलतात. कॅडमियम विषारी असल्यामुळे आता अनेक ठिकाणी त्याऐवजी इंडियम फॉस्फाइड वापरतात.

एका मितीचं उदाहरण म्हणजे कार्बनची नळी, कार्बन नॅनोट्यूब. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये केलेल्या निरीक्षणांनंतर ती गाजली. कार्बनची जाळी कोणत्या कोनात गुंडाळली गेली आहे, एवढ्यावर ती नळी धातूसारखी वागणार की अर्धवाहकासारखी, हे ठरतं. हाच तिचा चमत्कार आणि हीच तिची डोकेदुखी, कारण बनवताना दोन्ही जातींची खिचडी होते आणि मग निवडत बसावं लागतं.

चिकटपट्टीने काढलेला थर

दोन मितींची गोष्ट मात्र जरा निवांत सांगण्यासारखी आहे. पेन्सिलीत जे ग्राफाइट असतं, त्यात कार्बनच्या षटकोनी जाळीचे थर एकावर एक रचलेले असतात. थराच्या आत बंध पक्के, दोन थरांमधले मात्र ढिले. एक मिलिमीटर ग्राफाइटमध्ये असे सुमारे तीस लाख थर भरतात. त्यातला एकच थर सुटा केला तर त्याला म्हणायचं ग्राफीन. त्यात इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणित फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. पण ते कागदावर, ग्राफाइट समजून घ्यायची पहिली पायरी म्हणून. सुटा थर कोणी हातात घेईल असं तेव्हा कोणाच्या मनात नव्हतं.

त्याला सबळ कारण होतं. लँडाऊ आणि पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात दाखवलं होतं की निखळ द्विमितीय स्फटिक टिकू शकत नाही. उष्णतेच्या थरथरीनेच त्यातली अणूंची मांडणी विस्कटेल. तरीही २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने हा थर सुटा केला. २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

चिकटपट्टीचा किस्सा सगळीकडे सांगतात, खरी मेख सांगत नाहीत. पट्टीवर ग्राफाइटचा कण ठेवून ती दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. दर वेळी थर फुटून पातळ होत जातात. मग पट्टी सिलिकॉनच्या चकतीवर दाबून काढायची. चकतीवर हजारो तुकडे उरतात, त्यातला एखाददुसराच एका थराचा. तो शोधायचा कसा? एक थर प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतो, बाकी आरपार. सोय अशी झाली, की चकतीवर सिलिकॉन ऑक्साइडचा सुमारे ३०० नॅनोमीटरचा लेप होता. लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलाटा एकमेकींत मिसळल्यामुळे असा लेप सूक्ष्मदर्शकाखाली जांभळट दिसतो, आणि त्यावर एका अणूचा थरसुद्धा किंचित गडद डाग म्हणून ओळखू येतो. जाड तुकडे पिवळट चकाकतात, मधले निळसर, आणि हवा असलेला तुकडा जवळजवळ पार्श्वभूमीच्याच रंगाचा. लेपाची जाडी थोडी इकडेतिकडे झाली तर तो दिसतच नाही. पट्टी कोणालाही मिळाली असती. डोळ्यांनी थर दिसेल अशी चकती हाताशी असणं हे खरं भांडवल. आजही प्रयोगशाळांमधले पीएचडीचे विद्यार्थी याच जांभळट चकत्या तासन् तास धुंडाळताना दिसतात.

'पण अणूला जाडी असतेच की!'

हा आक्षेप रास्त आहे. ग्राफीनचा थर सुमारे ०.३४ नॅनोमीटर जाड धरतात, म्हणजे शून्य नाही. पण आपला हिशोब इलेक्ट्रॉनच्या मोकळीकीचा आहे. त्या ०.३४ नॅनोमीटरात वर-खाली जायला त्याला वाटच नाही, म्हणून त्याच्यापुरतं जग द्विमितीय.

मग लँडाऊ-पायर्ल्स चुकले का? नाही. त्यांचं म्हणणं होतं कशाचाही आधार नसलेल्या, अगदी सपाट, अमर्याद पसरलेल्या थराबद्दल. ग्राफीन तर चकतीवर टेकलेलं असतं. शिवाय २००७ मध्ये अधांतरी ताणलेला थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा तो सपाट नसून बारीक लाटांनी उठलेला दिसला. तिसऱ्या मितीत किंचित डोकावून तो स्वतःला सावरतो.

वाट बंद केल्याने मिळालेला ओहम

'हे सगळं वाचायला छान, पण उपयोग काय?' याचं माझ्या मते सगळ्यात भक्कम उत्तर ग्राफीनच्याही आधीचं आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं.

इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्रात सोडलं की तो गोल फिरतो. त्रिमितीय पदार्थात त्याला क्षेत्राच्या दिशेने निसटायला एक वाट असते. ती वाट बंद केली, म्हणजे त्याला एका पातळीत कोंडलं, की नुसतं गोल फिरणं उरतं, आणि त्या फिरण्याच्या ऊर्जा मधल्या कुठल्याही किमती न घेता पायऱ्यापायऱ्यांनी ठरतात. फेब्रुवारी १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे सिलिकॉनच्या एका ट्रान्झिस्टरवर मोजमाप घेत होते. अतिशय कमी तापमान, जबर चुंबकीय क्षेत्र. आडव्या दिशेचा विद्युतरोध सरळ रेषेत वाढायला हवा होता. तो जिन्यासारखा वाढला. आणि प्रत्येक पायरीची किंमत निघाली २५,८१२.८०७ ओहम भागिले एक पूर्णांक.

नमुना कोणत्या कारखान्यातला, किती लांबीरुंदीचा, त्यात किती अशुद्धी, याने या आकड्याला काही फरक पडत नाही. तो ठरतो फक्त दोन गोष्टींवरून: इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक, म्हणजे क्वांटम भौतिकीतला मूळ आकडा. पदार्थ अस्वच्छ, वेडावाकडा, तरी उत्तर अब्जांशापर्यंत तंतोतंत. १९८५ चं नोबेल फॉन क्लिट्झिंग यांना मिळालं. १९९० पासून जगभरच्या मापनसंस्था ओहमची प्रत्यक्ष किंमत याच परिणामावरून लावतात. २०१९ मध्ये एककांची व्यवस्था बदलली तेव्हा हे दोन्ही स्थिरांकच कायमचे ठरवून टाकले गेले. ग्राफीनमध्ये हाच परिणाम त्या मानाने सौम्य क्षेत्रात आणि जरा जास्त तापमानाला मिळतो, म्हणून मापनसंस्थांचा ओढा आता तिकडे आहे. घरातल्या मल्टिमीटरची साखळी मागे मागे नेलीत तर ती एखाद्या द्विमितीय नमुन्यापाशी जाऊन पोचते.

पुढे १९८२ मध्ये पूर्णांकांच्या जागी १/३ सारखे अपूर्णांकही दिसले. इलेक्ट्रॉन एकेकटे न वागता संगनमत करतात तेव्हा असं होतं. या कोड्याची एक फार सुबक उकल १९८९ मध्ये जैनेंद्र जैन यांनी दिली. राजस्थानात वाढलेले, आता अमेरिकेत असलेले हे शास्त्रज्ञ २०२५ च्या वुल्फ पारितोषिकाचे एक मानकरी आहेत. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

थरावर थर, आणि १.१ अंशाचा पीळ

ग्राफीननंतर लोकांनी इतर थरदार पदार्थही सोलून पाहिले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे त्यातलं ठळक नाव. यंत्रांच्या वंगणात ते कित्येक वर्षं वापरात आहे. जाड असताना ते प्रकाश फेकायला नालायक. एकच थर उरला की चांगलं चमकू लागतं. हे २०१० मध्ये दिसलं.

एकाचा थर दुसऱ्याच्या थरावर ठेवताही येतो, कारण थरांमध्ये पक्के बंध नसल्यामुळे अणूंची मापं जुळवायची सक्ती नसते. मग प्रश्न आला: ग्राफीनवर ग्राफीनच ठेवलं, पण जरा तिरकं, तर? २०११ मध्ये बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी गणिताने सांगितलं की सुमारे १.१ अंशाच्या पिळाला इलेक्ट्रॉन अगदी मंदावतील आणि एकमेकांचा प्रभाव त्यांच्यावर वरचढ होईल. २०१८ मध्ये एमआयटीत पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने तसा नमुना बनवला. इलेक्ट्रॉनांची संख्या थोडी कमीजास्त केली, की कार्बनचे तेच दोन थर एकदा विद्युतरोधक झाले आणि एकदा अतिवाहक, म्हणजे विद्युतरोध पूर्ण नाहीसा झालेले. नवं रसायन नाही, नवं मूलद्रव्य नाही, फक्त कोन.

ही अतिवाहकता उणे २७१ अंशांच्या आसपास मिळते. तेव्हा 'विजेच्या तारा आता ग्राफीनच्या' असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्यावं. त्याचं मोल वेगळं आहे: अतिवाहकता का येते हा अर्धवट सुटलेला प्रश्न आता बटणं फिरवून तपासता येईल असा नमुना हाती आला.

मग ग्राफीनची चिप का नाही आली?

२०१० च्या नोबेलच्या वेळी गाजावाजा झाला होता की सिलिकॉनचे दिवस भरले. तसं झालं नाही, आणि कारण मूलभूत आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे स्विच; तो बंदही व्हायला हवा. त्यासाठी पदार्थात इलेक्ट्रॉनना निषिद्ध असा ऊर्जेचा एक पट्टा लागतो, त्याला बँड गॅप म्हणतात. ग्राफीनमध्ये तो नाहीच. त्यातून वीज सुरेख वाहते, पण थांबत नाही.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये तो पट्टा आहे, आणि बंगळुरूचा प्रस्ताव ज्या पदार्थांवर भिस्त ठेवतो ते याच कुळातले. सिलिकॉन तीन-चार नॅनोमीटरपेक्षा पातळ केलं की त्याच्या पृष्ठभागावरचे अर्धवट तुटलेले बंध इलेक्ट्रॉनच्या वाटेत येतात. थरदार पदार्थाचा पृष्ठभाग मुळातच पूर्ण असतो, तिथे तुटलेलं काही नसतं. (जाता जाता: '३ नॅनोमीटर चिप' या नावातला ३ हा आकडा आता चिपवरच्या कशाचंही मोजलेलं माप नाही. ते पिढीचं नाव आहे, आणि ते जाहिरात विभागाला फार आवडतं.)

अडचणी मात्र ढीगभर आहेत. चिकटपट्टीने कारखाना चालत नाही. पूर्ण चकतीवर एकसारखा थर वाढवावा लागतो, आणि वाढताना त्यात गंधकाच्या जागा रिकाम्या राहतात. इतक्या पातळ थराला धातूची जोडणी द्यायची तर जोडावरच विद्युतरोध फार. एप्रिल २०२५ मध्येच शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा ३२ बिटांचा प्रोसेसर जाहीर केला, त्यात सुमारे ५,९०० ट्रान्झिस्टर होते. या क्षेत्रात ती मोठीच मजल. तुमच्या खिशातल्या फोनच्या चिपमध्ये ते हजार कोटींच्या पुढे असतात.

बाजारातलं ग्राफीन

बॅटरी, रंग, गाद्या, टी-शर्ट, सगळ्यावर आता ग्राफीन लिहिलेलं असतं. २०१८ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या ६० उत्पादकांची ग्राफीन म्हणून विकली जाणारी भुकटी तपासली. बहुतेकांच्या मालात खरं ग्राफीन, म्हणजे दहा थरांपर्यंतचं, दहा टक्क्यांहूनही कमी होतं. उरलेलं बारीक दळलेलं ग्राफाइट. करोनाकाळात लशीत ग्राफीन ऑक्साइड मिसळल्याचे मेसेज फिरले होते, तेही निराधार होते. लशींच्या जाहीर घटकांमध्ये ते कुठेच नाही.

आपल्याकडे काय चाललंय

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ग्राफीन आणि पिळलेल्या थरांवर प्रयोग करतो. त्यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार मिळाला आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये मोजमाप आणि संवेदकांचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, पदार्थ आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीकडे. बंगळुरूला अरिंदम घोष यांच्या गटाने २०२५ मध्ये दाखवलं की अतिशुद्ध ग्राफीनमध्ये एका विशिष्ट स्थितीला इलेक्ट्रॉन सुटे न वागता द्रवासारखे वाहतात. उष्णता आणि वीज यांच्या वहनाचं जे गुणोत्तर धातूंमध्ये ठरलेलं असतं, ते तिथे दोनशे पटींहून जास्त मोडतं.

त्या प्रयोगात जपानच्या राष्ट्रीय मटेरियल सायन्स संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते, आणि यात नवल काही नाही. ग्राफीन शुद्ध ठेवायचं तर ते बोरॉन नायट्राइडच्या थरांमध्ये झाकावं लागतं. त्याचे उत्तम स्फटिक त्सुकुबा इथे ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे हे दोघं एका अजस्र दाबयंत्रात बनवतात. वातावरणाच्या सुमारे ४० हजार पट दाब, दीड हजार अंशांच्या वर तापमान, आणि हाती येतात मिलिमीटरभराचे पारदर्शक खडे. जगभरच्या शेकडो शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून या दोघांची नावं असतात ती त्यामुळे. मापन आणि सिद्धांत यांत आपली माणसं कुठेही कमी नाहीत. कमी आहेत ते स्फटिक वाढवणारे आणि पूर्ण चकतीवर थर चढवणारी यंत्रं रोज चालवणारे हात; ५०० कोटी मंजूर झालेच, तर त्यातला पहिला मोठा वाटा तिकडे जायला हवा.